गाडीखाली समुद्र नसतो

मांडवी, रत्नागिरी
३ ऑक्टोबर २०२३

भाऊजी,

नमस्कार. मी संध्या, तुमच्या धाकट्या भावाची बायको. नऊ वर्षं आपलं बोलणं नाही, म्हणून ओळख करून देते. कमळावहिनींकडून कळलं की तुम्हाला फोनवर काही ऐकू येत नाही आणि मोबाइल तुम्ही कपाटात टाकून दिलाय. म्हणून हे पत्र. ह्यांना मी सांगितलेलं नाही.

काम गाडीचं आहे. तीच ती, लाल, दोन माणसांची, इंग्लंडहून आणलेली. हे बोटीवरचं काम सोडून तिथे गोदीत नोकरीला होते तेव्हा घेतली आणि परत येताना हौसेने बरोबर आणली. आप्पांच्या दहाव्याला हे त्याच गाडीतून दापोलीला आले होते आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, ते खेळणं गेटाबाहेर ठेव. हे गेटावरूनच परत फिरले. पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणजे पुढे काहीच झालेलं नाही.

आता हे म्हणतायत, दापोलीला जायचं, दादाला भेटायचं. तेही ह्याच गाडीतून. एसटी नको, भाड्याची गाडी नको. दुसऱ्या गाडीतून गेलो तर ते जाणं धरलं जाणार नाही म्हणे. तुमच्या घरातले पुरुष कसे आहेत ते तुम्हाला मी काय सांगणार.

पण गाडी बसलीय. तिला साध्या स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकापाशी एक लोखंडी गोळा आहे, त्यात पाण्यासारखं द्रव दाबाने भरलेलं असतं आणि त्यावर सगळी गाडी तोललेली. एका बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोन गोळे नळीने जोडलेले. द्रव झिरपलं की गाडी खाली येते. दर वर्षी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन आले की हे तसेच घरापुढच्या खळ्यात बसायचे आणि पंपाने द्रव भरायचे. चाकाच्या मध्यावर सागाची पट्टी टेकवायची आणि वरच्या कमानीवर ह्यांनी मारलेली पांढरी रेघ पट्टीच्या टोकाला येईपर्यंत पंप मारायचा. बोटीच्या अंगावर भाराची रेघ असते ना, तशी ही. यंदा भरायचं राहिलं. आता खालून मांजरसुद्धा जात नाही.

तुम्ही विद्यापीठाच्या वर्कशॉपात जन्मभर ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक उघडलंत. मला पंप कसा मारायचा ते सांगा. हेही सांगतील, पण सांगताना ओरडतात.

संध्या

---

दापोली
८ ऑक्टोबर २०२३

संध्यास,

पत्र पोचलं. रघूला स्वतः पंप मारायला काय झालं? तो बसून सांगणार आणि तू मारणार, ह्यात मला काहीतरी लपवलेलं दिसतं. गाडी विकायची असेल तर सरळ तसं लिही. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी उंच करून ठेवणारे मी पुष्कळ पाहिले. तेवढ्यासाठी माझ्या भेटीचं निमित्त नको.

काम सांगतो. ते खळ्यात करायचं नाही. तुमचं खळं समुद्राकडे उतरतं, आप्पांनीच ते पाणी जावं म्हणून तसं करून घेतलं होतं. उतरत्या जागेवर घेतलेलं माप खोटं. सपाट जागा शोध आणि गवंड्याकडची पाण्याची नळी लावून खात्री कर. गाडी आधी थोडी पुढे-मागे ढकलून घे, म्हणजे चाकं मोकळी होतात. पंपाच्या नळीतली हवा पूर्ण काढायची. डोळ्यांना चष्मा हवाच, दाब फार असतो. हळू मारायचा. गाडी वर येत असताना कोणीही खाली डोकवायचं नाही, तूही नाही.

द्रव कुठलं ते रघूला माहीत असेल. साधं पाणी घालू नको, आतून गंजेल.

गाडी आलीच तर गेटाबाहेर राहील. त्यात बदल नाही.

हरिश्चंद्र

---

मांडवी
१७ ऑक्टोबर २०२३

भाऊजी,

विकायची नाही. आणि हो, लपवलं होतं, ते आता लिहिते.

ह्यांच्या पाठीच्या मणक्याला मार लागलाय. आगोटीला, पावसाच्या तोंडावर, चुलत्यांची होडी वर ओढायची होती, ह्यांना कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेले. ओल्या धक्क्यावर पाय सरकला. तेव्हापासून पडवीत खाटेवर आहेत, कुशीवर वळवायला माणूस लागतो. डिसेंबरात कोल्हापूरला ऑपरेशन आहे. नंतर बसता येईल का, ह्यावर डॉक्टर नीट उत्तर देत नाहीत. म्हणून ह्यांना त्याआधी तुमच्याकडे यायचंय. डॉक्टर म्हणाले, नेऊ शकता, पण धक्के बसता कामा नयेत. तुम्ही या असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तुम्ही याल असं वाटत नाही, आणि हे तर मला घरातून काढतील.

आता गाडीचं. शाळेच्या पटांगणात फरशी सपाट आहे, तिथे नेली. केरू बरोबर होता, होड्यांची इंजिनं करतो तो. तुम्ही सांगितलं तसंच केलं. पंप मारला, गाडी म्हशीसारखी आधी पुढून उठली, मग मागून. रेघ पट्टीच्या टोकाला बरोबर लागली, चारही चाकांना. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग चालवून पाहिली. ह्यांच्या जागी डाव्या सीटवर तांदळाचं पोतं बसवलं, त्याला पट्टा लावला, आणि पायाशी पाण्याने भरलेली कळशी. धक्के कळावेत म्हणून. मांडवीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. एक म्हणाली, संध्याने नवरा बदलला वाटतं.

भाट्याच्या पुलापर्यंत कळशी रिकामी झाली. रस्ता एवढा वाईट नव्हता. माझेच दात वाजत होते. रेघ बरोबर असून गाडी दगडासारखी का?

संध्या

---

दापोली
२१ ऑक्टोबर २०२३

संध्यास,

पाठीचं मला कोणी कळवलं नाही. कमळेला माहीत होतं, हे आज कळलं. तिला तू सांगू नको म्हणाली होतीस, तेही कळलं. मला वाईट वाटलं. दोन दिवस जेवण नीट गेलं नाही.

आता गाडी. एक करून बघ. गाडी उभी असताना बोनेटवर वजन टाकून एकदम उठ. गाडी खाली जाऊन वर यायला हवी. माझा अंदाज आहे की ती हलणारच नाही.

त्या गोळ्यात दोन कप्पे असतात, मध्ये रबर. खाली द्रव आणि वर गॅस, नायट्रोजन. आमच्याकडे लोडरवर असाच गोळा असायचा. द्रव कधी दबत नाही. दबतो तो गॅस. खड्ड्यात चाक वर गेलं की द्रव गॅसला दाबतं आणि गॅस ते परत ढकलतो, म्हणून माणसाला धक्का लागत नाही. गॅस वर्षानुवर्षं थोडा थोडा निघून जातो. तो गेला की गाडी खाली येते. रघूने दर वर्षी काय केलं, तर गेलेल्या गॅसच्या जागी द्रव कोंबलं. उंची मिळाली, रेघ लागली, हा खूश. आत दाबण्यासारखं काही उरलंच नाही. गाडी पाण्याने भरलेल्या लोखंडावर उभी आहे.

ही चूक बोटीवरचा माणूसच करणार. बोटीला रेघ पुरते, कारण खाली समुद्र असतो, तो सांभाळून घेतो. गाडीखाली समुद्र नसतो. हे त्याला माझ्या नावाने वाचून दाखव.

गोळे काढून आत गॅस भरायला हवा. रत्नागिरीत कोणाला सांगू नको, फोडून ठेवतील. काढायच्या आधी दाब पूर्ण सोड. एसटीच्या पार्सलने इकडे पाठव, नळ्यांची तोंडं कापडाने बांधून.

हरिश्चंद्र

---

मांडवी
३ नोव्हेंबर २०२३

भाऊजी,

बोनेटवर मी बसले, केरू बसला. गाडी ढिम्म.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. म्हणजे मी तुम्हाला लिहिते हे ह्यांना तेव्हाच कळलं. मग म्हणाले, दादाला बोटीतलं काय कळतं. थोड्या वेळाने म्हणाले, समुद्राचं ते परत वाच. परत वाचलं. मग भिंतीकडे तोंड करायचा प्रयत्न केला, तो एकट्याने होत नाही म्हणून मला हाक मारली. भाऊजी, रुसायला सुद्धा बायको लागते अशी ह्यांची गत आहे. मला हसू आलं आणि मग मागच्या दारी जाऊन रडले.

संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, गोळे पाठव. मग खाटेवरून ओरडत ओरडत सांगितलं, कुठला नट आधी, कुठला नंतर. केरूने आणि मी मिळून काढले. पाठीमागचे दोन हलता हलेनात, मीठवाऱ्याने गंजून गेलेत. केरूने बोंबील सुकवायच्या वळीचा वासा उपसून आणला, तो घालून उचकटले. शेजारच्या गंगुबाई अजून त्या वाशाचं विचारतायत.

चारही गोळे आजच्या एसटीने पाठवत आहे. गोळ्यांवर खडूने लिहिलंय कुठला कुठल्या चाकाचा. सोबत खोबऱ्याच्या वड्या आहेत, त्या वहिनींसाठी. गोळ्याच्या पार्सलात ठेवल्यात म्हणून द्रवाचा वास लागला तर फेकून द्या.

गाडी आता लाकडी ठोकळ्यांवर आहे. हे रोज विचारतात, दादाचं काही आलं का.

संध्या

---

दापोली
१८ नोव्हेंबर २०२३

संध्यास,

गोळे मिळाले. वड्यांना वास लागला नव्हता.

दिवाळीत कामाला माणूस मिळेना म्हणून उशीर झाला, शेवटी मीच केलं. उजव्या बाजूच्या दोन्हीत थोडा गॅस होता, तो सोडून दिला. डाव्या बाजूच्या दोन्हीत नावालाही नव्हता. रबर मात्र चारही शाबूत, हे नशीब. आत रबर असल्यामुळे वेल्डिंगची आंच द्यायची नाही, म्हणून वर भोक पाडून आटे पाडले आणि व्हॉल्व्ह बसवला. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे नायट्रोजनचं सिलिंडर असतं, ते मिळवलं. पाण्यात बुडवून ठेवून चार दिवस बघितलं, बुडबुडा नाही. पुढे कधी गॅस कमी झाला तर आता भरता येईल. कारखान्याने हे आधीच करायला हवं होतं.

गोळे आज एसटीने परत पाठवतोय. बसवताना आधी गोळ्यांतली आणि नळीतली हवा ओढून काढा, मग द्रव. द्रव पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी लागेल. कमी लागलं म्हणून घाबरून जास्त भरू नका. रघू सांगेल भर, तरी भरू नको.

आणखी एक. आमच्या गेटात उंबऱ्यासारखा एक चिरा आहे, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून आप्पांनी घातलेला. तुमच्या गाडीचं पोट त्याला लागेल. तो काढून टाकला. कमळा मागे लागली होती म्हणून.

इकडे रस्ता खेडच्या बाजूने बरा आहे. कधी निघणार ते आधी कळव.

हरिश्चंद्र

---

मांडवी
२७ नोव्हेंबर २०२३

भाऊजी,

गाडी उभी राहिली. केरूने गोळे बसवले, मी पंप मारला, द्रव खरंच कमी लागलं. हे भर भर म्हणत होते, मी ऐकलं नाही. तुमचं नाव सांगितलं तेव्हा नाद सोडला.

पण आता त्याचा उपयोग नाही. शुक्रवारी डॉक्टरांकडे नेलं होतं, अँब्युलन्सने. नवीन फोटो काढला. मणका आणखी सरकलाय. आता प्रवास बंद, दापोली सोडाच, ह्यांना गाडीत बसवायचंही नाही. ऑपरेशनसुद्धा अलीकडे घेतलंय, तेरा तारखेला.

परत आल्यापासून हे बोलत नाहीत. जेवतात, औषध घेतात, विचारलं तर हो-नाही म्हणतात. पडवीतून गाडी दिसते, तिच्यावर ताडपत्री टाक म्हणाले. टाकली.

मी कोणाला दोष देत नाही. तुम्ही चिरा काढलात ते मी ह्यांना वाचून दाखवलं होतं, डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी. तेव्हा हे केवढे हसले होते. दादाने चिरा काढला, दादाने चिरा काढला, असं केरूलाही सांगत होते. तेवढं एक झालं.

तुमची मेहनत वाया गेली, त्याचं वाईट वाटतं.

संध्या

---

दापोली
३० नोव्हेंबर २०२३

संध्यास,

गोळे बसवले आणि चालवून पाहिलं नाही, म्हणजे काम अर्धं राहिलं. माझ्या हातून गेलेलं काम मी असं सोडत नाही.

तांदळाचं पोतं चालणार नाही, पोत्याला पाठ नसते. कळशीही नको. रघूच्या वजनाचा माणूस डाव्या सीटवर बसवून बघायला हवं. आम्ही दोघंही आप्पांच्या अंगावर गेलोय, वजनात फार फरक नसेल. बुधवारी सकाळच्या रत्नागिरी गाडीने येतो. कमळा येणार नाही, तिचे गुडघे दुखतात. मला संध्याकाळी परत निघायचं आहे.

जेवणाचं काही करू नको. केलंस तर बांगड्याचं तिखलं कर, कमळा तेल कमी घालते.

ताडपत्री काढून ठेव.

हरिश्चंद्र

---

मांडवी
९ डिसेंबर २०२३

भाऊजी,

सुखरूप पोचलात हे वहिनींनी फोनवर सांगितलं. तुमचा चष्मा इथे खिडकीत राहिलाय, केरूचा भाऊ सोमवारी दापोलीला येतोय, त्याच्याकडे देते.

तुम्हाला समोरचंही धड ऐकू येत नाही म्हणून बुधवारचं काही तुमच्यापर्यंत पोचलं नसणार. ते लिहिते.

तुम्ही गेटातून आत आलात आणि खाटेकडे न बघता सरळ गाडीपाशी गेलात, तेव्हा मला तुमचा राग आला. बोनेट दाबून पाहिलंत, चाकांभोवती फिरलात, पट्टी मागितलीत. मग दार उघडून त्या ठेंगण्या सीटवर कसेबसे बसलात, गुडघे छातीशी. तेव्हा हे पडवीतून म्हणाले, "दादा बसला." मी गाडी सुरू केली तर परत म्हणाले, "संध्या, दादा बसला गं." पुरुष माणूस, पण डोळ्यांना धार लागली होती. ते तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही समोर बघत होतात.

भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. त्याच रस्त्यावर माझे दात वाजले होते. ह्या वेळी तुम्ही मांडीवर पाण्याचा पेला धरून बसला होतात, आणि पाणी होतं तेवढंच राहिलं. मी पेल्याकडेच बघत होते.

परत आल्यावर तुम्ही खाटेशी आलात. ह्यांनी हात वर-खाली करून विचारलं, धक्के बसतात का. तुम्ही मोठ्याने म्हणालात, "डावी बाजू अजून कडक आहे. परत एकदा येऊन बघायला हवी." मग ह्यांचा हात धरून खुर्चीवर बसलात ते एसटीची वेळ टळेपर्यंत. त्या वेळात तुम्ही दोघं काय बोललात? मी तिखलं वाढायला आले तेव्हा कोणीच बोलत नव्हतं.

भाऊजी, डावी बाजू कडक नाही. तुम्ही गेल्यावर मी बोनेटवर बसून पाहिलं, पट्टी लावून पाहिली, केरूला डाव्या सीटवर बसवून पेला धरून नेलं. दोन्ही बाजू सारख्या आहेत. हे ह्यांना सांगितलं नाही. म्हणजे सांगणार नव्हते, पण पेला घेऊन केरू पडवीतच आला.

मंगळवारी सकाळी कोल्हापूरला निघतो.

संध्या

---

मांडवी
११ डिसेंबर २०२३

दादा,

उताणं पडून लिहितोय, अक्षर लागलं नाही तर वहिनीकडून वाचून घे.

डावी बाजू कडक आहे. संध्याला आणि केरूला त्यातलं कळत नाही. मी परत आलो की तू ये आणि बघ. तोवर गाडीला कोणी पंप लावायचा नाही, असं सांगून ठेवलंय. एका खेपेत ते काम होणार नाही, मला अंदाज आहे.

कमानीवरची रेघ आज केरूकडून पुसून घेतली.

तू आलास, मला बरं वाटलं. ऑपरेशनची भीती वाटते, हे संध्याला बोललो नाही, तुला लिहितो. बसता आलं तर पहिल्यांदा तुझ्याकडे येईन, ह्याच गाडीतून. गेटातला तो चिरा परत बसवू नकोस.

रघू